सुप्याचा विसर्ग

सुपा हे गाव आता पाण्याखाली आहे. काळी आणि पांढरी या नद्यांच्या संगमावरचं हे जुनं तालुक्याचं ठिकाण धरणात बुडालं. कचेऱ्या जोयड्याला गेल्या, बरीच माणसं रामनगरला गेली आणि १९८७ साली पूर्ण झालेल्या १०१ मीटर उंचीच्या भिंतीला तेवढं गावाचं नाव उरलं. सरकारदरबारी तालुका जोयडा झाला, तरी जुनी माणसं अजून सुपा तालुकाच म्हणतात.

पुण्या-मुंबईहून, बेळगावहून गणेशगुडीला जी मंडळी येतात ती हा इतिहास ऐकायला येत नाहीत. त्यांना राफ्टिंग करायचं असतं आणि राफ्टिंग चालतं धरणाच्या मर्जीवर. पायथ्याच्या वीजघरातून पाणी सोडलं की काळी फुगते, रबरी होड्या निघतात. नाही सोडलं तर काठावर बसून दगड मोजायचे. त्यामुळे सकाळी होमस्टेच्या अंगणात एकच चौकशी चालू असते.

"सुटलं का?"

"अजून नाही."

"काल किती वाजता सुटलं होतं?"

"काल सुटलंच नाही."

हे बोलणं चालू असताना लाइफजॅकेट चढवून उभ्या असलेल्या मंडळींचे चेहरे बघावेत. काही जण नदीकडे बघतच नसतात. ओठ मिटलेले, एक हात बेंबीच्या खाली, नजर कुठेतरी शून्यात. त्यांना वाटत असतं, हा विषय आपलाच चाललाय.

घर सोडलं की कोठा संपावर जातो. यात सुप्याच्या हवेचा काही दोष नाही, संपाची तयारी आपण घरूनच करून आणलेली असते. प्रवासात थांबा मिळेल की नाही या धास्तीनं आदल्या संध्याकाळपासून पाणी तोडायचं. वाटेत वडापाव, खारी, वेफर्स आणि पुन्हा चहा. पहाटे उठून जंगल सफारीची जीप गाठायची. आता जेवण किंवा न्याहारी पोटात पडली की मोठं आतडं आपोआप हालचाल सुरू करतं, आणि सकाळच्या वेळी ही हालचाल सगळ्यात जोरात असते. नेमक्या त्या वेळी आपण उघड्या जीपमध्ये दुर्बीण लावून धनेश शोधत असतो. आतून निरोप येतो, आपण "थांब जरा" म्हणतो. निरोप दोन-तीनदा परत गेला की मग तो येईनासाच होतो. मोठ्या आतड्याचा धंदाच पाणी शोषण्याचा. माल जितका जास्त वेळ तिथं पडून राहील तितका वाळत जाणार.

त्यात कॉटेजच्या भिंती. बांबूच्या, सुबक, फोटोत फार छान येतात. पण आत बसलेल्याला बाहेरच्या व्हरांड्यातली पत्त्यांची बोली ऐकू येते, म्हणजे उलट दिशेनंही ऐकू जात असणार, या विचारानं भलेभले गारठतात. दारावर टकटक करून "बाबा, झालं का? जीप आली!" असं ओरडणारं पोर घरोघरी असतं. शिवाय कमोड. उकिडवं बसलं की गुदाशयाला वेढून असलेला स्नायू सैल पडतो आणि वाट सरळ होते. कमोडवर ऐटीत बसलं की वाटेत वळण राहतं. यावर उपाय साधा आहे, पायाखाली पाट किंवा उलटी बादली घ्यावी आणि जरा पुढे वाकावं. पण पाहुण्यांच्या देखत बाथरूममध्ये पाट नेणाऱ्या माणसाचं काय होतं ते ज्यानं नेलाय त्यालाच विचारा.

खरं तर घाबरण्यासारखं बहुतेकदा काही नसतं. वैद्यकशास्त्र म्हणतं, दिवसातून तीनदा इथपासून आठवड्यातून तीनदा इथपर्यंत सगळं चालण्यासारखं आहे. पण आपल्या घरात आंघोळीआधी एकदा, आणि तेही चहानंतर दहा मिनिटांत, एवढंच काय ते शास्त्रशुद्ध. चोवीस तास उलटले की मराठी माणूस उदास होतो, अठ्ठेचाळीस तासांनी मृत्युपत्राचा विषय काढतो. इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहरातल्या डॉक्टरांनी या वस्तूचे सात प्रकार पाडून तक्ता केला, तो १९९७ साली प्रसिद्ध झाला आणि आज जगभरच्या दवाखान्यांत वापरला जातो. पहिला प्रकार म्हणजे शेळीच्या लेंड्या, सातवा म्हणजे निव्वळ पाणी, आणि तिसरा-चौथा आला तर पेढे वाटावेत. किती दिवसांनी झालं यापेक्षा कसं झालं हे महत्त्वाचं, असा त्या तक्त्याचा रोख. कुंथावं लागलं, खडा झाला, होऊनही झाल्यासारखं वाटलं नाही, तर ते बद्धकोष्ठ.

एवढी माहिती असूनही सहल सुखरूप पार पडत नाही, कारण सोबत नातेवाईक असतात.

अशाच एका मोठ्या कुटुंबाची हकिकत. यातले काका निवृत्त अधिकारी. तिसऱ्या सकाळी काकांनी उकडलेल्या अंड्याला नाही म्हटलं आणि बातमी फुटली. मग प्रत्येकाच्या पिशवीचं तोंड उघडलं. मावशीनं एरंडेलाची बाटली काढली. आत्याकडे इसबगोल होतं. थोरल्या भावोजींकडे सोनामुखी घातलेलं चूर्ण, "आमच्याकडे तीन पिढ्या हेच" अशा शिफारशीसह. धाकट्या भावोजींनी बिसाकोडिलची छोटी गोळी पुढे केली. आणि न्यू जर्सीहून आलेल्या भाचीनं बदाम, चॉकलेटं आणि व्हिटॅमिनच्या डब्यांखालून एक पांढरी बाटली काढली. आत तांबड्या मऊ कॅप्सूल. डॉक्युसेट सोडियम. अमेरिकेत किराणा दुकानाच्या फळीवरही मिळतं, कुणी चिठ्ठी मागत नाही, आणि आपल्याकडच्या ज्येष्ठांसाठी तिकडून आणायच्या वस्तूंत त्याची वर्णी आता कायमची लागलेली आहे.

काकांनी कुणाचंच मन मोडलं नाही.

या पाच औषधांचा स्वभाव वेगवेगळा आहे, हे त्या अंगणात कुणालाच ठाऊक नव्हतं. भाचीचं औषध सगळ्यात सोशिक. ते आतड्याला ढकलत नाही, हुसकत नाही. साबण जसा तेलकट ताटात पाणी शिरू देतो तसं ते वाळलेल्या मळात पाणी आणि स्निग्धांश शिरू देतं, म्हणजे माल मऊ पडतो आणि कुंथावं लागत नाही. बस, एवढंच. पण आत शिरायला मुळात पाणी तर हवं! म्हणून कॅप्सूल भरल्या पेल्याबरोबर घ्यायची आणि दिवसभर पाणी पीत राहायचं. घोटभर चहाबरोबर गिळली तर ती बिचारी आत जाऊन काय भिजवणार? आणि तिला वेळ लागतो. बारा तास ते बहात्तर तास. म्हणजे आज रात्री घेतली तर उद्या, परवा किंवा तेरवा.

काका तेरवापर्यंत थांबणाऱ्यांतले नव्हते. रात्री एक कॅप्सूल घेतली, पहाटे पाचला निकाल मागितला. नाही म्हटल्यावर आणखी दोन. दुपारी चूर्ण. संध्याकाळी आत्याचा मान राखायला इसबगोल, तेही चमचाभर कोरडंच तोंडात टाकून वर दोन घोट पाणी. रात्री साडेदहाला बिसाकोडिलची गोळी, गरम दुधाबरोबर, कारण "दुधानं गुण लवकर येतो." हे सगळं करून सकाळी सातच्या बसनं मंडळी कारवारला निघाली.

बिसाकोडिल आतड्याला डिवचणाऱ्या जातीचं. त्याला सहा ते बारा तास लागतात. साडेदहात सहा मिळवा आणि बारा मिळवा. पहाटे साडेचार ते सकाळी साडेदहा. या वेळात बस कुठे असणार होती हे काका सोडून सगळ्यांनी वेळापत्रकात पाहिलं होतं. कुंभारवाडा मागे पडला तेव्हा काका गप्प झाले. अणशी घाटाच्या तोंडाशी त्यांनी समोरच्या सीटची दांडी दोन्ही हातांनी धरली. हा सगळा टापू काळी व्याघ्र प्रकल्पाचा. आधी दांडेली-अणशी म्हणत, २०१५ पासून काळी. काळ्या बिबट्यासाठी प्रसिद्ध. काकांनी उठून कंडक्टरच्या कानात काहीतरी सांगितलं. कंडक्टरनं एकवार त्यांच्याकडे, एकवार रानाकडे पाहिलं.

"मामा, इथं उतरायचं नाही. जनावर असतं."

"अहो, जनावर परवडलं!"

पुढचं सविस्तर लिहिण्यात सभ्यता नाही. बस थांबली, बिबट्या आला नाही आणि काका परत आले तेव्हा चार किलोनं नव्हे पण चार वर्षांनी हलके दिसत होते. मात्र कारवारला पोचेपर्यंत पोटात मुरडे, घशाला कोरड, डोळ्यांपुढे अंधारी असा सगळा ऐवज सोबत होता. समुद्र त्यांनी लॉजच्या खिडकीतून पाहिला. भाचीच्या कॅप्सूलवर मात्र खापर फुटलं: "तुमची अमेरिकन औषधं फार जहाल!" त्या बिचारीचा काम सुरू करण्याचा मुहूर्त कदाचित अजून व्हायचाही होता.

काकांच्या त्या चोवीस तासांत जेवढ्या चुका आहेत तेवढ्या एखाद्या डॉक्टरला ठरवूनही रचता येणार नाहीत. बिसाकोडिलच्या गोळीवर एक आवरण असतं, ते आतड्यात जाऊन विरघळावं म्हणून. दुधानं किंवा ॲसिडिटीच्या औषधानं ते जठरातच उतरतं आणि पोटात आग पडते. म्हणून ही गोळी दुधाबरोबर घ्यायची नाही, चावायचीही नाही. इसबगोल पाण्यानं कित्येक पट फुगतं, तोच त्याचा गुण. पण कोरडं टाकलं तर ते घशातच किंवा अन्ननलिकेत फुगतं आणि गुदमरायची पाळी येते. पेलाभर पाण्यात ढवळून लगेच प्यायचं, वर आणखी पाणी, आणि बाकीच्या गोळ्या तासा-दोन तासांच्या अंतरानं. ज्याला गिळायला त्रास होतो त्यानं त्याच्या वाटेला जाऊ नये. सोनामुखीही डिवचणारीच. बिसाकोडिल आणि ती एकाच दिवशी घेतली की मुरडे दुप्पट. एरंडेल गरोदर बाईनं तर मुळीच घेऊ नये.

दुकानात मिळणाऱ्या त्या गुलाबी-पांढऱ्या पातळ औषधांतही पुष्कळदा लिक्विड पॅराफिन असतं, म्हणजे एक प्रकारचं खनिज तेल. डॉक्युसेट आणि हे तेल एकत्र घ्यायचं नाही, कारण डॉक्युसेटमुळे ते तेल अंगात शोषलं जातं, जे जायला नको असतं. शिवाय ते घेऊन लगेच आडवं होऊ नये. म्हाताऱ्या माणसाच्या श्वासनलिकेत उतरलं तर फुप्फुसाला सूज येते. काही बाटल्यांत मॅग्नेशियम असतं. मूत्रपिंड अधू असेल तर ते अंगात साठतं. लॅक्टुलोज म्हणून एक गोड पाक मिळतो, तो आतड्यात पाणी ओढून आणतो, त्याला एक-दोन दिवस लागतात आणि तोवर पोटात वाऱ्याची मैफल चालते. मधुमेह असेल तर विचारून घ्यावा.

आता भाचीच्या कॅप्सूलबद्दल एक खाजगीतली गोष्ट सांगतो, तिला सांगू नका. डॉक्युसेट वर्षानुवर्षं जगभर वाटलं गेलं, पण नीट तपासून पाहिलं तेव्हा आधीच जुन्या झालेल्या बद्धकोष्ठात त्याचा फारसा प्रभाव दिसला नाही. बरेच डॉक्टर आता त्याऐवजी पाणी धरून ठेवणारी पॉलिइथिलीन ग्लायकॉलची पावडर देणं पसंत करतात. डॉक्युसेटचा खरा उपयोग कुंथणं टाळायचं असतं तिथं मानला जातो: बाळंतपणानंतर, मूळव्याधीत, शस्त्रक्रियेनंतर किंवा हृदयविकाराच्या झटक्यानंतर. अधूनमधून होणाऱ्या अडचणीला घ्यायचंच असेल तर वेष्टनावर लिहिलेल्या मात्रेत, भरपूर पाण्याबरोबर, आणि डॉक्टरनं सांगितल्याशिवाय सलग आठवड्याहून जास्त नाही. उशीर झाला म्हणून मात्रा वाढवायची नाही. माझ्या मते ही एवढी सूचना पाळणारा माणूस आपल्या समाजात अजून जन्माला यायचा आहे. आपण बसचा हॉर्नसुद्धा एकदा वाजवून थांबत नाही.

काकांच्या पोटाला मुळात कुलूप कुणी घातलं, हे कुणीच विचारलं नाही. गुडघ्यांसाठी कॅल्शियम, अशक्तपणासाठी लोहाच्या गोळ्या, जळजळीसाठी ॲल्युमिनियमचं ॲन्टासिड, आणि दोन आठवड्यांपूर्वीच्या खोकल्याचं कोडीन घातलेलं औषध अजून संपवायचं म्हणून चाललेलं. या चारही गोष्टी कोठा बांधणाऱ्या. दुखण्यावरची ट्रॅमाडॉलसारखी गोळीही त्याच पंगतीतली. थायरॉईड मंदावला तरी पोट मंदावतं. स्वतःहून या गोळ्या बंद करायच्या नाहीत, पण डॉक्टरांना यादी दाखवायला काय हरकत आहे? काकांच्या पिशवीत ती यादी होती. चष्म्याच्या घरात घडी करून.

जोक थोडा वेळ बाजूला. पोटात जोरात दुखतंय, उलट्या होताहेत, पोट फुगलंय आणि वाराही सरत नाही, अशा वेळी कुठलंही रेचक घ्यायचं नाही, आणि चूर्ण घेऊन सकाळपर्यंत वाट बघायची नाही. ते आतडं अडकल्याचं लक्षण असू शकतं. जोयड्याहून दांडेली किंवा बेळगाव गाठायला लागणारा वेळ हिशेबात धरून तेव्हाच निघावं. शौचातून रक्त, काळा डांबरासारखा मळ, विनाकारण वजन घटणं, पन्नाशीनंतर सवयीत अचानक बदल, यातलं काही दिसलं तर मूळव्याध असेल म्हणून घरीच निदान करू नये. लोहाच्या गोळीनंही मळ काळसर होतो हे खरं, पण तो निवाडा डॉक्टरांवर सोडावा. लहान मुलांना मोठ्यांचं औषध अर्धं करून देणं हाही आपला एक घरगुती उद्योग आहे, तो बंद व्हावा.

गंमत अशी की ज्या मुलखात येऊन ही मंडळी कोठा बांधून घेतात तो मुलूख कंदमुळांचा आहे. जोयड्याचे कुणबी शेतकरी परसात आणि शेताच्या कडेला किती तऱ्हेचे कंद लावतात ते तिथल्या कंदमेळाव्यात जाऊन बघावं. थंडीत हा मेळावा भरतो. माणसाच्या मांडीएवढे कंद, नखाएवढे कंद, केसाळ, खडबडीत, जांभळे, आणि प्रत्येकाची करायची रीत निराळी. चुलीत भाजून, उकडून मीठ-मिरचीबरोबर, मासळीच्या कालवणात घालून. जोडीला नाचणीची आंबील आणि हंगामात फणस. मोठ्या माणसाच्या पोटात दिवसाला पंचवीस-तीस ग्रॅम तंतू जावेत असं आहारतज्ज्ञ सांगतात. इथल्या साध्या ताटात ते फार आटापिटा न करता जातात. पण होमस्टेच्या बाईनं हौसेनं कंद उकडून आणला की पाहुणा विचारतो, "पनीर नाही का?" मग तिच्यावर मैद्याचे पराठे लाटायची पाळी येते आणि पाहुण्यावर भाचीची बाटली उघडायची. एक मात्र आहे, शहरातलं पोट एका दिवसात कंदांनी भरायचं नाही. तंतू हळूहळू वाढवावेत, पाणी सोबत वाढवावं, नाहीतर बांबूच्या भिंतीचा प्रश्न पुन्हा उभा राहतो.

या विषयावर आपण बोलत नाही, हे या सगळ्याच्या मुळाशी आहे. गांधीजींनी आत्मकथेत आपल्या बद्धकोष्ठाबद्दल आणि पोटावर बांधलेल्या मातीबद्दल काही आडपडदा न ठेवता लिहिलं. बंगाली बाबूच्या न होणाऱ्या शौचावर २०१५ साली 'पिकू' निघाला, अमिताभ बच्चननी तो बाबू केला, लोकांनी तिकिटं काढून पाहिला. आणि आपण? रामनगरच्या नाक्यावर असो की पुण्याच्या लक्ष्मी रोडवर, औषधाच्या दुकानात गिऱ्हाईक आधी क्रोसिन मागतं, मग खोकल्याची गोळी, मग टूथपेस्ट, मग बाजूची बाई निघून जायची वाट बघतं आणि शेवटी मान खाली घालून पुटपुटतं, "आणि ते... पोटाचं काहीतरी द्या." दुकानदार हाताला लागेल ते 'काहीतरी' देतो. कुठलं, कधी, कशाबरोबर, किती दिवस, काही नाही. बाटली वर्तमानपत्रात गुंडाळली जाते आणि वेष्टनावरची सूचना त्या वर्तमानपत्राखाली जाते.

तेव्हा पुढच्या सहलीआधी दुकानात गेलात तर कृपा करून नेमकं काय होतंय ते मोठ्यानं सांगा. चालू असलेल्या गोळ्यांची चिठ्ठी दाखवा, औषध ढकलणारं आहे की मऊ करणारं ते विचारा, गुण यायला किती तास लागतात तेही विचारा. आणि ते तास बसच्या वेळेत मिळवून बघा. मागे उभ्या असलेल्या माणसाला लाजू नका. तोसुद्धा बहुतेक टूथपेस्ट घ्यायला आलेला नसतो.